जुनी पिकअप, नवं इंजिन: आधी टेप, मग पाना

जुन्या पिकअपमध्ये नवं इंजिन टाकायचं म्हटलं की माणूस सगळ्यात आधी इंजिन शोधायला निघतो. मीही तेच केलं होतं. स्वस्तात मिळतंय म्हणून इंजिन आणलं आणि ते सात महिने धायरीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिलं. त्याचा सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) चासीच्या आडव्या मेंबरवर बसत होता, वायरिंग विकणाऱ्याने कापून दिलं होतं आणि आरटीओकडून लेखी उत्तर आलं ते नकाराचं. शेवटी त्या गाडीत मूळ प्रकारचंच इंजिन नव्याने बांधून बसवलं. आज ती रीतसर पासिंग होऊन रस्त्यावर धावते. दुसऱ्या पिकअपमध्ये मात्र कॉमन रेल डिझेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून मोठ्या दाबाने डिझेल देणारं) बसवलं. तिची रस्त्याची नोंदणी आधीच रद्द झालेली आहे आणि ती चाकणच्या एका कारखान्याच्या आवारातच माल वाहते.

दोन्ही गाड्या टाटा मोबाईल २०६. टेल्कोने (नंतरची टाटा मोटर्स) १९८८ साली आणलेली ही पिकअप, आपल्या पुण्यात बनलेली. खाली जे लिहितोय ते या दोन गाड्यांवर हात काळे करून कळलेलं आहे. नव्याने या कामात उतरणाऱ्याने निदान क्रम तरी चुकवू नये, एवढ्यासाठी.

पायरी १: कागद

१९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी समजून घ्या. उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. आरसीवर इंजिन नंबर असतो, सिलिंडर असतात, सीसी असते, इंधन असतं. म्हणजे १९४८ सीसीच्या जागी २१७९ सीसीचं इंजिन ठेवलं की कागद आणि गाडी यांचं जमत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न इंजिन नंबरचाच विचारणार.

म्हणून अर्ज आधी, खरेदी नंतर. गाडी एमएच १२ असेल तर संगम पुलाजवळचं पुणे आरटीओ, एमएच १४ असेल तर पिंपरी-चिंचवड. कोणतं इंजिन, कोणत्या कंपनीचं, किती सीसी, कोणत्या गाडीतलं, हे सगळं लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. "होऊन जाईल, मी बघतो" असं सांगणारा माणूस तुम्हाला गेटवरच भेटेल. त्याच्या शब्दावर एक रुपयाही खर्च करू नका. लेखी होकार नसेल तर रस्त्यावरच्या गाडीत वेगळं इंजिन टाकायचं नाही, इथे माझं मत पक्कं आहे.

नकार आला म्हणून हिरमुसायचं कारण नाही. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन चांगल्या हातून बांधून घेतलं, त्याला नवा रेडिएटर, नवं वायरिंग आणि धड ब्रेक दिले, तर जुनी पिकअप तीस वर्षांनी तरुण होते. त्यातही इंजिन नंबर बदलतो, त्यामुळे त्याची मंजुरी आणि आरसीवर नोंद घ्यावीच लागते. मान्यताप्राप्त किट बसवून गाडी इलेक्ट्रिक करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण किट तुमच्या मॉडेलसाठी मंजूर आहे का ते आधी बघा. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आपल्या कोथरूडच्या टेकडीवरच आहे.

कोणाकडे आजोबांच्या काळातली विलीज पिकअप असेल तर हा लेख बाजूला ठेवा. ५० वर्षांहून जुन्या आणि धंद्यात नसलेल्या गाडीला २०२१च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. ती मिळते चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असेल तरच. तिथे इंजिन बदलणं म्हणजे हातातलं सोनं वितळवणं.

गाडी विकत घेत असाल तर आरसीवरचा चासी नंबर चासीवर स्वतः वाचा. कागदावर पेन्सिल घासून त्याचा ठसा घ्या. नंबरावर वेल्डिंगची खूण, जाड रंग किंवा वेडेवाकडे आकडे दिसले तर नमस्कार करून निघून या. पिवळ्या पाटीची गाडी असेल तर फिटनेस, कर, बँकेचा बोजा हे सगळं तपासा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही लागते.

पायरी २: चासी

पिकअपचं आयुष्य चासीत असतं. पत्रा नवा मारता येतो, हौदा नवा बांधता येतो. चासी वाकलेली किंवा आतून कुजलेली असेल तर बाकीचा खर्च पाण्यात.

सपाट कोब्यावर गाडी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. ओळंबा सोडून चासीवरचे जोडीचे बिंदू खाली जमिनीवर खडूने उतरवा. पुढचे पाटे किंवा आर्म जिथे बसतात ते, मधल्या मेंबरचे कोपरे, मागच्या पाट्यांचे शॅकल (पाटा चासीला जोडणारे झुलते दुवे). मग तिरके कर्ण मोजा, डावा पुढचा ते उजवा मागचा आणि उलट. फरक पाच-सहा मिलिमीटरच्या वर गेला तर चासी जिगवर (चासी आवळून ताणायच्या साच्यावर) सरळ करून घ्यावी लागेल. हे काम रविवारच्या एका सकाळी होतं आणि पुढचे सहा महिने वाचवतं.

गंज शोधायला डोळ्यांपेक्षा कान बरे. छोटी हातोडी घेऊन चासीभर ठोकत जा. धड लोखंड खणखणतं, कुजलेलं बदबद वाजतं. मागच्या शॅकलच्या वर, हौद्याच्या पट्ट्यांखाली आणि केबिनच्या मागच्या फाउंडेशनपाशी जास्त वेळ द्या. भाजी, दूध, मासे वाहिलेल्या गाड्यांत तिथेच पाणी मुरलेलं असतं. वाळू वाहिलेली गाडी तर शक्यतो घेऊच नका.

पायरी ३: इंजिनाची निवड

हातात लेखी उत्तर आणि धड चासी आली, की मग टेप काढा. मोजायचं ते हे: रेडिएटरपासून फायरवॉलपर्यंत लांबी, चासीच्या दोन लांब बाजूंमधली रुंदी, बॉनेटपासून आडव्या मेंबरपर्यंत उंची, आणि स्टेअरिंगचा रॉड कुठून जातो ते. देणाऱ्या गाडीत इंजिन बसलेलं असतानाच त्याची हीच मापं घ्या. सम्पचा खोल भाग पुढे आहे की मागे, टर्बो कोणत्या बाजूला आहे, सेल्फ कुठे येतो, हे वहीत चित्र काढून टिपा. माझं पहिलं इंजिन आधी सम्पमुळेच अडलं होतं. टेपने ते दहा मिनिटांत कळलं असतं.

शक्यतो त्याच कंपनीच्या पुढच्या पिढीतलं इंजिन बघा. चाकणच्या गाडीसाठी मी टाटा झेनॉनचं २.२ लिटर डायकॉर हे कॉमन रेल इंजिन घेतलं. तीही पिकअपच, त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि बैठक एकाच कामासाठी बनलेली. मूळ इंजिनाच्या दुपटीहून जास्त ताकद त्यात आहे. हे वाचून खूश व्हायच्या आधी लक्षात घ्या की ती ताकद जुन्या प्रोपेलर शाफ्टमधून, जुन्या हाउसिंगमधून (मागच्या अॅक्सलच्या गिअरपेटीतून) जाणार आहे आणि थांबवायची आहे जुन्या ब्रेकने.

बीएस ६ इंजिन पहिल्या खेपेला नकोच. एक्झॉस्टमधले फिल्टर आणि सेन्सर एकमेकांशी बोलत असतात. एक जरी गप्प झाला तरी इंजिन ताकद कमी करून चालतं. बीएस ३ किंवा बीएस ४ काळातलं कॉमन रेल शिकायला पुरेसं आहे.

इंजिन जमिनीवर पडलेलं विकत घेऊ नका. देणारी गाडी सुरू होत असेल तेव्हाच जा. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला लावा. ऑइलचं झाकण उघडून हात धरा. फसफसून धूर येत असेल तर रिंगा गेल्या. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. मग पुढच्या सगळ्या वस्तू त्याच एका गाडीतून घ्या: ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), किल्ली आणि इमोबिलायझर, अॅक्सिलरेटर पेडल, मीटर, पूर्ण वायरिंग हार्नेस, इंटरकूलर, रेडिएटर, पंख्याचं आवरण, गिअरबॉक्स, क्लचचे सिलिंडर, डिझेल फिल्टर. किल्ली, इमोबिलायझर आणि ईसीयू एकमेकांना ओळखतात. एक बाहेरचा आणला तर सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. हार्नेसचा प्रत्येक प्लग काढण्याआधी त्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहा. कात्री हातात घेतलेल्या माणसाला तिथून दूर करा.

बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या आणि त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा. कागद नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं असू शकतं. किरकोळ वस्तूंसाठी नाना पेठेत चक्कर मारली की बहुतेक गोष्टी मिळतात. क्लॅम्प, जुने मीटर, बिजागऱ्या असल्या बारीकसारीक गोष्टी बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात शोधा. ब्रेकचा कोणताही भाग मात्र जुना घेऊ नका.

पायरी ४: दोनदा बसवणं

नवशिके सगळ्यात जास्त इथे चुकतात. चासी रंगवतात, चकचकीत करतात आणि मग तिच्यावर वेल्डिंग करतात. रंग जळतो, आतून गंज धरतो. इंजिन दोनदा बसवायचं असतं: एकदा मापासाठी, एकदा कायमचं.

पहिल्या वेळी इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेलेच ठेवा. उचलायला एक टनाची चेन पुली आणि स्वतंत्र तिकाटणं किंवा इंजिन क्रेन वापरा. शेडच्या अँगलला किंवा स्लॅबच्या हुकाला लटकवू नका. लटकत्या इंजिनाखाली हात नाही, पाय नाही.

इंजिन चासीत उतरवून लाकडी ठोकळ्यांवर टेकवा. मग सावकाश बघा. सम्प आणि आडवा मेंबर यांत किमान अडीच सेंटिमीटर मोकळं हवं, कारण रबरी फाउंडेशनवर इंजिन हलतं. स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. पुढचं चाक जॅकने वर दाबून रॉड सम्पला लागतो का बघा. पंखा आणि रेडिएटर यांतही बोटभर नव्हे, दोन बोटं अंतर ठेवा. ऑइल फिल्टर हाताने निघतो ना, सेल्फचे बोल्ट पान्याला सापडतात ना, हे आत्ताच करून बघा. आडवा मेंबर मधोमध कापून जागा करायचा मोह होतो. तो चासीचा कणा आहे. जागा नसेल तर सम्प बदला, इंजिन मागे घ्या, पण मेंबर कापायचा असेल तर जाणत्या फॅब्रिकेटरकडून आधी त्याला वळसा घालणारा नवा मेंबर बनवून घ्या.

आता कोन. इंजिन आणि गिअरबॉक्स मागे थोडे झुकलेले असतात, साधारण तीन-चार अंश. गिअरबॉक्समधून निघणारा शाफ्ट आणि मागच्या हाउसिंगचा पिनियन यांच्या रेषा एकमेकींना समांतर हव्यात. समांतर नसतील तर क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकांच्या वळणाऱ्या सांध्यांमध्ये) थरथर सुरू होते, वेग वाढला की केबिन गुणगुणते आणि काही महिन्यांत क्रॉस तुटतात. मोबाईलमधलं कोन मोजायचं अॅप या कामाला पुरतं. पण मोजायचं ते हौद्यात वाळूची पोती टाकून. रिकाम्या पिकअपचे पाटे वर उचललेले असतात, माल भरला की सरळ होतात आणि सगळे कोन बदलतात. मी पहिल्यांदा रिकाम्या गाडीवर माप घेतलं होतं. माल भरल्यावर शाफ्टची स्लिप (आतबाहेर सरकणारा सांधा) शेवटपर्यंत आत जाऊन आदळायला लागली. शाफ्ट पुन्हा कापून घ्यावा लागला. शाफ्ट कापून जोडल्यावर बॅलन्सिंग करून घ्याच.

फाउंडेशनचे ब्रॅकेट सहा मिलिमीटर प्लेटचे करा, त्यांना तिकोनी आधार द्या. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा, तो बसला की भोसरीत लेझर कटिंगवाल्याकडे द्या. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर काढा आणि ईसीयू गाडीतून बाहेर ठेवा. नळ्यांचे क्लिप, इंटरकूलरचे ब्रॅकेट, बॅटरीचा ट्रे, डिझेल फिल्टरची बैठक, जे काही चासीला जोडायचं ते सगळं आत्ताच.

मग इंजिन पुन्हा बाहेर. चासी उघडी करून भोसरीला सँडब्लास्टिंगला पाठवा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारून घ्या. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडं लोखंड रात्रीत लालसर होतं. मी चासीला पावडर कोटिंग करत नाही. पुढे कधी ब्रॅकेट वाढवायचा तर ते खरवडणं कठीण जातं. इपॉक्सीवर टू-के पेंट (हार्डनर मिसळून मारायचा रंग) पुरतो. काम दिवाळीनंतर सुरू करा, म्हणजे चासीचा रंग जूनच्या आधी वाळून खडखडीत होतो.

पायरी ५: ब्रेक

नवं इंजिन कायमचं बसण्याआधी ब्रेक पूर्ण करा. मास्टर सिलिंडर, चाकातले सिलिंडर, सगळे रबरी होज आणि लोखंडी नळ्या नव्या. ड्रम लेथवर फिरवायचे तर त्यावर लिहिलेल्या कमाल मापाच्या आतच. डिझेल इंजिनाला ब्रेक बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप लागतो. जुन्या इंजिनाचा पंप इंजिनासोबत गेला, नव्याचा पाइप जोडायचा राहिला, तर पेडल दगडासारखं लागतं. इंजिन बंद करून तीन-चार वेळा पेडल दाबा, मग पाय ठेवूनच सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय.

पायरी ६: डिझेल, पाणी, वायरिंग

जुन्या टाकीतला गंज साध्या पंपाने वर्षानुवर्षं चालवून घेतलेला असतो. कॉमन रेल तो सहन करत नाही. टाकी आतून साफ करून घेण्यापेक्षा नवी बनवा. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा आणि इंजेक्टरकडून परत येणारी नळी कुठेही दबू देऊ नका.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब १,००० बारच्या पुष्कळ वर जातो. जुन्या इंजिनाची एअर काढायला आपण चालू इंजिनाचा नट सैल करत असू. इथे ते करायचं नाही. गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची. ती बारीक धार कातडीतून आत जाते, वर फक्त टाचणीएवढा ठिपका दिसतो आणि आत बोट सडतं. असं झालं तर दुखो न दुखो, तडक हॉस्पिटल.

रेडिएटर आणि इंटरकूलर देणाऱ्या गाडीचेच बसवा, पंख्याच्या आवरणासकट. आवरण नसेल तर पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो.

वायरिंगला लोक उगाच घाबरतात. इंजिनाचं हार्नेस पूर्ण असेल तर गाडीकडून त्याला मोजक्याच गोष्टी लागतात: बॅटरीतून थेट करंट, किल्लीचा करंट, सेल्फचा सिग्नल, पेडल, ब्रेक आणि क्लचचे स्विच, वेगाचा सेन्सर, आणि अर्थिंग. त्या मॉडेलची वायरिंग आकृती मिळवा आणि एकेक वायर मल्टिमीटरने तपासत जा. इंजिन ते चासी, चासी ते केबिन आणि बॅटरी ते इंजिन अशा तीन जाड अर्थिंग पट्ट्या द्या, खालचा रंग खरवडून. गूढ वाटणाऱ्या बऱ्याच तक्रारी निव्वळ अर्थिंगच्या निघतात. ईसीयू केबिनमध्ये उंचावर बसवा. पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवर साचणारं पाणी पायाजवळ येतं.

पायरी ७: पहिला स्टार्ट आणि चाचणी

शेजारी अग्निशामक ठेवा. टर्बोच्या ऑइल नळीत थोडं ऑइल भरा. इंजेक्टरचे प्लग काढून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग जोडा. सुरू झाल्यावर रेस देऊ नका, पंखा लागेपर्यंत नुसतं चालू द्या आणि बॅटरी टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा. स्कॅनर लावून कोड वाचा.

परवानगीची गाडी असेल तर आता पासिंग, पीयूसी, आरसीवर नवा इंजिन नंबर आणि विमा कंपनीला लेखी कळवणं. माझी पहिली गाडी तपासणीला दिवे गावच्या आरटीओ ट्रॅकवर नेली, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी इंजिन नंबर टॉर्च लावून वाचला. नंबर पुसून स्वच्छ ठेवा, त्यावर रंग मारू नका.

त्यानंतर निम्मा माल भरून पहाटे दिवे घाट चढा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये तापमानाचा काटा कुठे थांबतो ते बघा. वर थांबून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, चिकटवू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक अडकतोय. उतरताना गिअरमध्येच उतरा. आवारातल्या गाडीला घाट नसतो. तिला भरलेल्या मालासह रॅम्पवर चढ-उतार करून हीच तपासणी केली.

५०० किलोमीटर झाले की फाउंडेशन, प्रोपेलर शाफ्ट, पाट्यांचे यू बोल्ट आणि स्टेअरिंगचे नट पुन्हा टॉर्क रेंचने आवळा. आवळलेल्या प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा, नटावरून थेट ब्रॅकेटपर्यंत. रोज सकाळी बॉनेट उघडलं की रेघ तुटली आहे का एवढंच बघायचं. परवानगीचं पत्र, इंजिनाचं बिल आणि वायरिंगच्या आकृतीची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सीटच्या मागे ठेवा. पुढच्या मिस्त्रीला आणि पुढच्या मालकाला ती लागणार आहे.